डावा हात देवाचा, उजवा कापसाचा

मन्मथप्पांना दाढी नव्हती, आणि ते दर बाजाराच्या दिवशी दाढी करून घेत.

वाक्य लिहिताना माझी चूक झालेली नाही. सेलूच्या शाळेत मास्तर म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. निजामाचं राज्य, दुकानांवर उर्दू पाट्या, पेठेत कापसाच्या गाड्यांची रांग, आणि मी वाशीमकडचा, सोवळ्यातल्या घरातला, कुणी मोठ्यानं शिंकलं तरी दचकणारा माणूस. पहिल्याच बाजारी स्टेशनाकडं जाताना लिंबाखाली माणसं जमलेली दिसली म्हणून थांबलो. गणपत न्हाव्यापुढं पस्तिशीचे एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगायतांची, इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, फेटा काढून मांडीवर ठेवलेला. गालावर केसाचा पत्ता नव्हता. गणपतनं त्या गुळगुळीत गालांना यथासांग फेस फासला, वस्तरा चामड्यावर चार वेळा ओढला आणि हनुवटी वर केली.

“जपून रं गणपत,” गृहस्थ बारीक, किनऱ्या आवाजात म्हणाले, “लय राठ हाय.”

“व्हय की अप्पा. तुमच्या दाढीपायी वस्तऱ्याची धार जायलीय माझ्या.”

गणपतनं अख्खा चेहरा वस्तऱ्यानं साफ केला. पात्यावर फेस आला, केस एकही आला नाही. मग तुरटी फिरली, आरसा आला, अप्पांनी हनुवटी चोळून पाहिली आणि समाधानानं मान हलवली. भोवतालची माणसं खुशाल हसत होती. मी मात्र हातातली पिशवी तशीच धरून उभा राहिलो होतो. शेजारचा भाजीवाला म्हणाला, “मास्तर, नवे हाव का गावात? ही अप्पांची दाढी हाय. सवय व्हईल.”

सवय कधीच झाली नाही. त्यात मला मिळालेली खोली नेमकी त्यांच्या घराला लागून निघाली. मधे एकच मातीची भिंत होती.

अप्पांचा धंदा कापूस पारखण्याचा. गाडी पेठेत आली की व्यापारी आधी अप्पांना बोलावत. अप्पा उजव्या हातानं गाठोड्यातून चिमूटभर कापूस काढत, डोळे मिटत आणि अंगठ्यानं बोटांवर हळूहळू ओढत. मग सांगत, “ह्यो जिंतूरकडचा. राठ हाय.” किंवा, “ह्यो आपल्या दुधनाकाठचा. मऊ हाय, धागा लांब हाय.” त्यांचा शब्द दोन्ही बाजू मानत. कुणी म्हणालं, अप्पा, डोळे उघडून तर बघा, तर ठरलेलं उत्तर येई, “बोटाला इचारा. डोळे लबाड असतेत.” हे वाक्य ते कापसाबद्दल म्हणत, आंब्याबद्दल म्हणत, आणि एकदा आमच्या हेडमास्तरांचा हात हातात घेऊन हेडमास्तरांबद्दलही म्हणाले होते. बोटं काय म्हणाली ते त्यांनी सांगितलं नाही. हेडमास्तर पुढं आठवडाभर अस्वस्थ होते.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, गूळपाणी आणून ठेवलं. सगळी गल्ली त्यांना गिरजाक्का म्हणे, मीही तेच म्हणू लागलो. मी पाण्याचा घोट घेतला तोच अप्पा म्हणाले, “मास्तर, तुमी इचारणार न्हाई, म्हणून मीच सांगतो. पंधराव्या वर्षी मला गालफुगी झाली. ती खाली उतरली. तवापासून माझं दुकान बंद हाय.”

पाणी माझ्या नाकात गेलं. आमच्याकडं असल्या गोष्टी नवरा-बायकोदेखील एकमेकांत बोलत नसत. मी खोकत खोकत अक्कांकडं पाहिलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“मग ती... बाजारातली...” मी स्वतःच्या गालाला हात लावून विचारलं.

“माझा बाप म्हणायचा, चारचौघांत गालाला वस्तरा लागला की पोरगा माणसांत आला. माझी दाढी यायची म्हणून चार वर्षं थांबला आन् गेला. मग मीच जाऊन बसलो गणपतपुढं. बसलो न्हाई तर लोक पाठीमागं हसतेत. बसलो तर तोंडावर हसतेत. मला तोंडावरचं बरं वाटतं.”

मला ते बिलकुल बरं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी अप्पांना रामराम घालू लागलो, तेव्हा काहीतरी पटलं असणार.

अक्कांबद्दल सांगायलाच हवं, कारण ही सगळी हकिकत शेवटी त्यांच्यावर येते. लग्न झालं तेव्हा दोघंही लहान होती. मूल झालं नाही, होणारही नव्हतं, हे त्यांना कधीच कळलेलं होतं. दर सोमवारी मठात बायकांचं भजन असे आणि अक्का ते सांगत. त्यांचा आवाज उंच जाई आणि वर गेल्यावर तिथंच शांतपणे थांबे. घरी दळताना त्या गायला लागल्या की मी वह्या तपासायच्या बाजूला ठेवत असे. मी कुणाची स्तुती सहसा करत नाही, पण सेलूत माझं मन रमलं ते त्या भिंतीपलीकडच्या गळ्यामुळं, हे आज कबूल करतो. अप्पा म्हणत, “माझ्या घरात आवाज एकच हाय. माझा हिशेबात धरू नका.”

मग एका हंगामात अप्पांचं मनगट मोडलं. ओझंही मोठं नव्हतं, कापसाचं एक गाठोडं बाजूला सरकवलं आणि हाड मोडलं. वर्षभरात दुसऱ्यांदा. पाठ दुखायची, दुपारी घामानं निथळायचे, जिना चढवत नसे. पेठेतला एक व्यापारी त्यांना हैदराबादला घेऊन गेला, विलायतेत शिकून आलेल्या एका डॉक्टराकडं. आठ दिवसांनी अप्पा परतले ते काचेची एक लहान बरणी उराशी धरून.

“मास्तर,” ते ओसरीवरूनच ओरडले, “गड्याच्या अंगात जो रस असतो, तो आता साहेब लोक कारखान्यात बनवायलेत. बरणीत भरून देतेत.”

गल्लीत तीन बायका पाणी घेऊन चालल्या होत्या. मी धावत जाऊन अप्पांना घरात ओढलं.

डॉक्टरांनी नीट समजावून दिलं होतं. गालफुगीनं अंगातला रस तयार होणं थांबलं, त्यामुळं हाडं पोकळ होत चाललीत. मूल होणार नाही, ती आशा धरू नये. पण हे मलम रोज चोळलं तर हाडं धरतील, ताकद येईल. “आन् दाढी,” अप्पा म्हणाले आणि हनुवटी चोळत राहिले. बरणीबरोबर डॉक्टरांच्या हातची इंग्रजी चिठ्ठी होती. ती वाचून दाखवायचं काम अर्थात माझं.

मी वाचू लागलो. रोज हरभऱ्याएवढं मलम. जास्त कदापि नाही. खांद्यांवर आणि पाठीवर, पूर्ण जिरेपर्यंत चोळावं. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवावं. लघवीला अडखळलं, पायांवर सूज आली तर लगेच कळवावं. लघवीपर्यंत आलो तेव्हाच माझे कान तापले होते, कारण अक्का दाराशी उभ्या होत्या. शेवटच्या दोन ओळींत बाईच्या अंगाबद्दल काहीतरी होतं. तेवढंच दिसलं आणि मी चिठ्ठीची घडी घातली. परस्त्रीसमोर असलं वाचायचं नसतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“झालं?” अप्पांनी विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

आता प्रश्न आला हाताचा. डाव्या हाताच्या तळव्यावर लिंग घेऊन अप्पा रोज सकाळी पूजा करत. त्या तळव्यावर औषधाचा लोण्यासारखा चिकटा नको. उजव्या हाताची बोटं तेलकट झाली तर कापूस बोलेना, शिवाय व्यापाऱ्याच्या पांढऱ्या मालावर डाग पडायचा. “डावा हात देवाचा, उजवा कापसाचा,” अप्पा म्हणाले, “तिसरा शिवानं दिलाच न्हाई.”

“मी हाय की,” अक्का म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोज सकाळी ओसरीवर हा कार्यक्रम चाले. अंगात जाणारी कुठलीही वस्तू आधी लिंगाला दाखवायची हा त्यांच्याकडचा नेम, त्यामुळं आधी बरणी लिंगासमोर धरली जाई. मग अप्पा पाटावर उघडे बसत आणि अक्का हरभऱ्याएवढं मलम घेऊन त्यांच्या खांद्यांना चोळत. शेवटी तळव्यांना जे लागलेलं राही ते त्या आपल्याच गालांवर, हनुवटीवर, गळ्यावर पुसून टाकत. डोक्याला तेल लावून झाल्यावर उरलेलं बायका आपल्या हातापायांना लावतात, तसंच. त्यात देवाला दाखवलेली वस्तू, ती धुऊन मोरीत कशी सोडायची? मी समोरच्या कट्ट्यावर दात घासत हे रोज पाहत असे. मला ते फार छान वाटे.

महिनाभरात गावात दुसरीच आवई उठली. स्टेशनातल्या कुणीतरी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं होतं की हा रस बैलाच्या अमुक भागातून काढतात. अप्पा माझ्याकडं आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“मास्तर, नंदी हाय का ह्यात?”

“म्हणजे?”

“शिवाच्या दारात बसलेला बैल मी अंगाला चोळायलो का? रोज लिंगाला दाखवून? डॉक्टराला इचारा. इंग्रजीत इचारा, म्हंजे त्याला खरं सांगावं लागंल.”

मी आयुष्यात पुष्कळ अर्ज लिहिले, पण त्या पत्रासारखं अवघड काही लिहिलं नाही. बैलाच्या त्या भागाला सभ्य इंग्रजी शब्द शोधता शोधता दोन कागद फाडले. आठवड्यानं उत्तर आलं. पहिल्यांदा हा रस खरंच बैलांपासून काढला गेला होता, आता मात्र तो रसायनं जुळवून कारखान्यात घडवतात, या बरणीत कुठलंही जनावर नाही. अप्पांनी ते तीनदा वाचून घेतलं आणि नंतर बाजारभर डॉक्टरांची नक्कल करत सांगत फिरले, “बैल नइं, बकरा नइं, सब रसायन है.” ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांनाही त्यामुळं सगळं कळलं.

औषध लागू पडलं. आधी आवाज फुटला. पेठेत “ह्यो माल जिंतूरचा” म्हणताना “ह्यो माल” बारीक निघे आणि “जिंतूरचा” एकदम खालून येई. छत्तिसाव्या वर्षी तोंडावर पुटकुळ्या आल्या. एका अडत्यावर ते इतके चिडले की स्वतःच घाबरून घरी येऊन बसले. पाठ दुखायची थांबली. जिना चढून वर गेले आणि वरून मला हाका मारत राहिले, नुसतं चढलो हे सांगायला. आणि एका सकाळी त्यांनी मला ओढत अंगणात नेलं, माझं बोट धरलं आणि आपल्या हनुवटीखाली टेकवलं.

“बोटाला इचारा.”

परपुरुषाच्या हनुवटीला हात लावायची ती माझी पहिलीच वेळ. पण तिथं खरोखर एक केस होता.

त्या हंगामातल्या एका बाजारी गणपतनं नेहमीसारखा वस्तरा टेकवला आणि खर्र असा आवाज आला. भोवतालचं हसणं थांबलं. गणपतनं पातं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, पुन्हा गालाकडं पाहिलं. “अप्पा,” तो म्हणाला, “आता खरंच जपावं लागंल.” अप्पांनी पेठेत साखर वाटली. मलाही दिली, आणि ती खाताना माझे डोळे भरून आले याचं मलाच आश्चर्य वाटलं.

एवढ्यानं ते थांबते तर मन्मथप्पा कसले. हरभऱ्याएवढ्या मलमानं इतकं होतं, तर लिंबाएवढ्यानं किती होईल, असा हिशेब त्यांनी मांडला. अक्कांनी बरणी उचलून उतरंडीतल्या सगळ्यात खालच्या मडक्यात ठेवली. “डॉक्टरनं हरभरा म्हणलंय. हरभरा म्हंजे हरभरा.” अप्पांनी चार दिवस विनवण्या केल्या. त्या एका शब्दानंही ढळल्या नाहीत. इतक्या काटेकोर होत्या त्या.

दसऱ्याच्या पुढंमागं अक्कांचा घसा बसला. मठात वरच्या सुराला आवाज फाटला तेव्हा बायका म्हणाल्या, थंडी बाधली. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली. घसा सुटेना. मग त्यांनी भजन सांगायचं सोडलं, मग मठात जायचं सोडलं. पदर कपाळावरून नाकापर्यंत आला. सकाळचं चोळणंही आता ओसरीऐवजी आतल्या खोलीत होई. विचारलं तर नुसती मान हलवत. अप्पांनाही त्या म्हणत, “घसा हाय, जाईल.” माझ्या भिंतीपलीकडं गाणं थांबलं आणि मी मुकाट्यानं वह्या तपासू लागलो.

पुढं तापामुळं मी चार दिवस घरी होतो. पहिल्याच दुपारी भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज आला. खालच्या पट्टीत, दबक्या सुरात कुणीतरी गात होतं. अप्पा त्या वेळी पेठेत असत. मी उठून बसलो. दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच आवाज, तिसऱ्या दुपारीही. माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहायची आज लाज वाटते. पण मी सोवळा माणूस, कर्तव्य म्हणजे कर्तव्य. चौथ्या दुपारी अंगात ताप असताना पेठेत गेलो आणि कापसाच्या ढिगाशी उभ्या अप्पांना बाजूला घेऊन विचारलं, “घरी कुणी पाहुणे उतरलेत का?”

“न्हाई. कामून?”

मी सांगितलं. अप्पांच्या हातातला कापूस खाली पडला. ते तडक घराकडं निघाले, आणि मी मागून.

दार लोटलेलं होतं. आतून तो आवाज येत होता. अप्पांनी दार ढकललं. घरात अक्का एकट्याच होत्या. जात्यापाशी बसून, पदर खांद्यावर टाकून, त्या गात होत्या. पुरुषाचा तो आवाज त्यांच्याच गळ्यातून येत होता.

त्यांनी झटकन पदर ओढला. अप्पा जवळ गेले, समोर बसले आणि तो पदर बाजूला केला. मग उजव्या हाताची बोटं त्यांच्या हनुवटीवर ठेवली आणि कापूस पारखताना मिटत तसे डोळे मिटले. मी बाहेर जायला हवं होतं, पण गेलो नाही.

“कवापासून?” अप्पांनी विचारलं.

“दसऱ्यापासून.” आवाज जाड, घोगरा होता. “रोज चिमट्यानं काढते. आता चिमट्याला आवरंना.”

“सांगितलं कामून न्हाई?”

“तुमाला दाढी यायली होती. तुमी लय खुश होता.” त्यांनी जात्यावरचं पीठ हातानं गोळा केलं. “मठात जाऊन गाता येत न्हाई. म्हणून तुमी नसताना इथंच म्हणते.”

माझ्या डोक्यात ती घडी घातलेली चिठ्ठी उलगडली. मी अक्कांकडून ती मागून घेतली आणि शेवटच्या दोन ओळी पहिल्यांदाच वाचल्या. “मलम रुग्णानं स्वतःच्याच हातानं लावावं आणि नंतर हात साबणानं धुवावेत. ते बायकामुलांच्या अंगाला अजिबात लागू देऊ नये, कारण बाईच्या अंगात हा रस गेला तर तिला केस येतात आणि तिचा आवाज उतरतो.” मला वाटलं होतं तसं शयनगृहाचं त्यात काहीही नव्हतं. मी माझ्या लाजेपायी त्या बाईचा गळा घालवला होता. तसं मी बोललोही. बोलताना रडलो, आणि त्याची लाज वाटली नाही.

अप्पा माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. उतरंड धडाधड उतरवली, बरणी काढली आणि आपटायला हात उचलला. अक्कांनी त्यांचं मनगट धरलं, तेच दोनदा मोडलेलं.

“ठेवा ते.”

“तुझ्या गळ्यापरीस मोठी हाय का माझी दाढी?”

“दाढीचं कोण बोलायलंय? हाडाचा परत भुसा करून घेता का? गेलं ते माझं गेलं. तुमचं कशाला घालवता?” त्या जाड आवाजात जरब होती. अप्पांनी बरणी खाली ठेवली.

त्या दिवसापासून औषध उजव्या हातावर आलं. पेठ बंद झाल्यावर अप्पा न्हाणीत जाऊन स्वतः जमेल तेवढं मागं हात नेऊन मलम चोळत, तीन वेळा साबणानं हात धूत, ते पुरतं जिरेपर्यंत थांबत आणि मग अंगात बंडी घालूनच घरात येत. त्यांचा टॉवेल वेगळा झाला, अंथरूण वेगळं झालं. त्यांनी मला सांगितलं की सकाळी उठल्यावर बोटं थोडा वेळ मुकी असतात, कापूस ओळखू येत नाही. एकदा चारचौघांत त्यांचा अंदाज चुकलाही. “चुकू दे,” म्हणाले.

आणि बाजाराच्या दिवशी ते गणपतपुढं बसायचे बंद झाले. आयुष्यभर दाढीविना दाढी करणारा माणूस, आता गालभर दाढी असताना न्हाव्याकडं फिरकेना. ती वाढली, पसरली, छातीपर्यंत आली. भस्माच्या पट्ट्यांखाली ते काळं रान बघायला लोक वळून उभे राहत. कुणी म्हणे नवस असेल, कुणी म्हणे डोकं फिरलं. गणपत तर रुसलाच. मीही शेवटी विचारलं.

“मास्तर,” अप्पा म्हणाले, “ह्या घरातली गावाला बघायला एक दाढी पुरं हाय.”

डॉक्टरांना मी सगळं खरं लिहिलं होतं, माझी चूकसुद्धा, आणि अप्पांच्या सांगण्यावरून एकच प्रश्न विचारला होता, आवाज परत येईल का? उत्तर बरेच दिवस आलं नाही. आलं तेव्हा मी ते पेठेतच उघडून वाचलं. केस हळूहळू कमी होतील, कदाचित थोडे राहतील. आवाज मात्र उतरला तो उतरला, तो वर जाणार नाही.

ते पत्र घेऊन मी त्यांच्याकडं निघालो. बाजाराचा दिवस होता, दुपार टळत आली होती. पुढचं दार आतून लावलेलं, म्हणून मागच्या अंगणाकडं वळलो आणि तिथंच थबकलो. अक्का पाटावर बसल्या होत्या, तोंड उन्हाकडं, हनुवटी वर, डोळे मिटलेले. हनुवटीला फेस होता. समोर उकिडवे बसलेले अप्पा, आपली दाढी अडचण नको म्हणून पंच्यात बांधून, उजव्या हातानं वस्तरा फिरवत होते. मी त्या भागात असं कधी पाहिलं नव्हतं, कुठंच पाहिलं नव्हतं. आत जायचं नाही एवढं कळलं, पण निघताही येईना.

वस्तरा फिरला आणि खर्र असा आवाज आला. मला तो भिंतीपाशीही ऐकू आला.

“आवं,” अक्का डोळे न उघडता म्हणाल्या, “लय राठ हाय का?”

अप्पांनी वस्तरा खाली ठेवला. बोटं पंच्याला पुसून कोरडी केली, डोळे मिटले आणि अक्कांच्या हनुवटीवरून अंगठा हळूहळू ओढला. चांगला वेळ घेतला. व्यापाऱ्यापुढं घेत तितका.

“न्हाई,” ते म्हणाले. “दुधनाकाठचा हाय. मऊ हाय.”

“खरं सांगायलाव का?”

“बोटाला इचारलं.”

अक्का हसल्या. मग अप्पांनी पुन्हा वस्तरा घेतला आणि त्या हळू आवाजात, ओठ फारसे न हलवता, मठातलं ते जुनंच भजन म्हणू लागल्या, खालच्या पट्टीत. अप्पा मधेच थांबून त्यांना ओळ पुरी करू देत आणि मग वस्तरा फिरवत.

पत्र मी दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. त्या दुपारी मात्र ते खिशात ठेवलं आणि घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसलो. पलीकडं अक्का अजून गात होत्या.